अर्ध्या मिनिटाच्या शांततेत

या, असं दारात उभं राहून वाचू नका… जरा पुढे सरका, इथे माझ्याजवळ बसा. आणि हो, तुमच्यावर थोडी रागावलेच आहे मी. रोज या ग्रुपवर एकमेकांना पिंपळाच्या, विहिरीच्या, उलट्या पायांच्या गोष्टी सांगता आणि मग चार दिवस झोप नाही म्हणून तक्रार करता. जे कळत नाही ते घाबरवणारंच असलं पाहिजे, असं कोणी सांगितलं तुम्हाला? मला जो अनुभव आला त्यात आम्ही तिघं म्हातारी माणसं पोट धरून हसलो होतो. थोडं रडलोही. पण घाबरलं कोणीच नाही.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. माझ्या दाराला लिंबू-मिरची नाही. कोणी म्हटलं की मला अमुक दिसलं, तर मी आधी विचारते — जेवला होतास का? डोक्याला दुपट्टा होता का? नागपूरच्या मे महिन्यात माणसाला काय वाट्टेल ते दिसू शकतं.

आता जागा नीट सांगते, म्हणजे नंतर शंका काढायला नको. नागपूर, मानेवाडा भाग, रिंग रोडच्या आतल्या गल्लीत तळमजल्यावर माझं घर. आमचे हे गेल्यापासून मी एकटीच असते. स्वयंपाकघराच्या मागे एक छोटी खोली आहे, पूर्वी तिथे गव्हाच्या कोठ्या होत्या. तोच माझा स्टुडिओ. हसू नका. मी आयुष्यभर शिवणकाम केलं, शिकले दहावीपर्यंत. पण ज्या मुलींना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारं कोणी हवं आहे असं कळलं, आणि म्हटलं, बोलायला तर आपल्याला आवडतंच. मुलाने पुण्याहून माइक पाठवला, आणि त्याच्यासोबत एक डबी — माइकची वायर त्या डबीत जाते आणि डबीची वायर लॅपटॉपमध्ये. बाकी सगळं मी व्हिडिओ बघून शिकले. भिंतींना माझ्याच हातच्या गोधड्या टांगल्या, झरोक्यात उशी कोंबली. आत बसून बोललं की आवाज असा मऊ येतो… जणू पांघरुणात तोंड घालून कोणी गुपित सांगतंय.

फक्त एक भानगड होती. घूंऽऽऽ.

ज्यांनी घरी रेकॉर्डिंग केलं आहे त्यांना कळेल. कानाला नुसतं ऐकू येत नाही, पण हेडफोन लावला की आवाजाच्या तळाशी एक घूं बसलेली असते. विजेची घूं. पुस्तकं वाचताना ती मी चालवून घ्यायची, सॉफ्टवेअरमध्ये थोडी पुसून टाकायची. त्यासाठी एक पद्धत असते, ती लक्षात ठेवा. बोलायला सुरुवात करण्याआधी अर्धं मिनिट अगदी गप्प बसायचं आणि रिकाम्या खोलीची शांतता रेकॉर्ड करायची. मग ती शांतता सॉफ्टवेअरला दाखवायची — बघ बाबा, ही घूं, ही काढ. माझं प्रत्येक रेकॉर्डिंग अशा अर्ध्या मिनिटाच्या शांततेनेच सुरू होतं.

मागच्या मे महिन्यात काटोलहून माझी मोठी बहीण आली, कमलताई. सोबत भाऊजी. ताईच्या गळ्यात थायरॉइडची गाठ होती, सोमवारी रामदासपेठेत ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर चांगले होते, सगळं समजावून सांगितलं. गाठ साधी आहे, जिवाला काही नाही. पण आवाजाची नस गाठीला अगदी चिकटून आहे. आवाज बसू शकतो, बदलू शकतो. बहुतेकांचा परत येतो… पण लिहून देता येत नाही.

ताई हे ऐकून माझ्याकडे आली ती गुरुवारी संध्याकाळी. चप्पल काढता काढता म्हणाली, "शके, तुह्या त्या खोलीत माह्ये गाणे भरून ठेव. सोमवारच्या आधी."

का, ते सांगायला मला मागे जावं लागेल. पण थोडंच.

ताई अकरा वर्षांची असताना तिच्या शाळेच्या बाईंनी तिला एसटीत बसवून नागपूरला आणलं होतं, रेडिओवर गायला. मुलांच्या कार्यक्रमात. बाईंनी स्वतः रचलेलं गाणं होतं, संत्र्याच्या बागेचं. आमच्या बाबांचं काटोलला शिलाईचं दुकान, तिथे एक ट्रान्झिस्टर. गल्लीत तेवढाच रेडिओ. त्या दिवशी सगळी गल्ली दुकानासमोर जमली, सतरंजी टाकली… आणि रेडिओ मुका. बाबांनी थापटला, हलवला. काही नाही. चौकातल्या हॉटेलवाल्याने नेमकं दुसरं स्टेशन लावलेलं. ताई संध्याकाळी परत आली, दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि सगळ्यांना विचारतेय — "ऐकलं का? कसं झालं?" कोणीच ऐकलं नव्हतं. दोन दिवसांनी गल्लीतलेच लोक म्हणायला लागले, रेडिओ तर आज मस्त वाजतोय, ही पोरगीच गायली नसेल.

ते चिकटलं ते चिकटलंच. लग्नानंतर भाऊजींना कळलं, मग काय विचारता. ताई भाजी चिरताना गुणगुणली की भाऊजी लगेच हाताचा माइक करून, "आता सादर करत आहोत कमलबाईंचं गाणं… जे कोणालेच ऐकू येत नाही." माणूस प्रेमळ, पण जीभ तिखट. ताई हसायची. पण ते संत्र्याचं गाणं तिने पुन्हा कधी, कोणासमोर म्हटलं नाही. मला त्याची पहिली ओळ तेवढी माहीत होती.

आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. रेडिओ का मुका झाला, ते मला माहीत होतं. मी सात वर्षांची होते. सेल उन्हात ठेवले की त्यांच्यात पुन्हा जोर येतो असं तेव्हा सगळेच म्हणायचे. ताईचा आवाज मोठा यावा म्हणून मी सकाळी हळूच सेल काढले, दुकानाच्या पत्र्यावर तापवले आणि परत घातले. कसे घातले, देव जाणे. रेडिओ बंद पडल्यावर माझी बोलायची हिंमतच झाली नाही.

तर आता कळलं ना, सोमवारच्या आधी मला ते गाणं स्वच्छ का हवं होतं. आणि शुक्रवारी ताईला माइकसमोर बसवलं, तर… घूंऽऽऽ. पुस्तकाला चालते, गाण्याला नाही. ताईचा आवाज बारीक, त्यातून गाठीने थकलेला. घूं पुसायला गेलं की आवाजही खरवडला जायचा, जणू डब्यातून गातेय. आणि त्या दिवशी तर घूं नेहमीच्या दुप्पट.

भाऊजींनी हेडफोन लावून पाहिला. "शकुबाई, हे भुंगा पाळला का तुम्ही?"

"भाऊजी, जरा तो कूलर बंद करा."

कूलर बंद केला. फ्रीज बंद केला. ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, पाण्याचा फिल्टर, देवघरातला छोटा दिवा. प्रत्येक वेळी मी आतून ओरडणार — "आहे का गेली?" आणि मीच उत्तर देणार — "आहे." लॅपटॉपचा चार्जर काढला तेव्हा थोडी कमी झाली. माइकच्या दांड्याला हात लावला की कमी, सोडला की जास्त. ताई म्हणाली, "हे तर आजारी लेकरू झालं वं. हात ठेवला की गप."

शनिवारी मी आमच्या गल्लीतल्या वायरमनला बोलावलं, गजूभाऊंना. पन्नाशीचे आहेत, अर्ध्या मानेवाड्याच्या घरांच्या वायरी त्यांना तोंडपाठ. त्यांनी बोर्डात टेस्टर घातला, मग बल्ब लावून काहीतरी तपासलं, आणि बाहेर अंगणात जाऊन जमिनीतून वर आलेल्या लोखंडी पाइपाजवळ उकिडवे बसले.

"काकू, अर्थिंगले पाणी कधी पाजलं होतं?"

"अर्थिंगला पाणी पाजतात?"

"पाजा लागते ना जी. घरातली फालतू वीज या पाइपानं जमिनीत जाते. पण जमीन ओली पाहिजे. तुमची पाहा, चुलीतल्या राखेसारखी झाली. मग ते वीज जाईन कुठं? फिरून राहिली तुमच्या माइकमधी."

मीठ आणलं, पाइपाजवळची माती उकरली. भाऊजींनी आयुष्यभर संत्र्याची बाग केली आहे. त्यांना ते उकरणं बघवेना. "सरका गजूभाऊ, आळं करणं तुमचं काम नाही." आणि त्या माणसाने त्या गंजक्या पाइपाला असं देखणं गोल आळं केलं, जणू पुढच्या वर्षी फळं लागणार आहेत. त्यात मीठ टाकून सहा बादल्या पाणी ओतलं. जमीन नुसती पीत होती… चुर्र, चुर्र आवाज येत होता. गजूभाऊ म्हणाले, "तहानलेली होती बिचारी."

संध्याकाळी ऐकलं तर घूं खरंच निम्म्याहून जास्त कमी झाली होती. पण एक बारीक डासासारखी गुणगुण उरलीच. गजूभाऊंनी हात टेकले. "आता एकच इलाज, काकू. गाताना मेन स्विच पाडा. घरात वीजच नाही तर आवाज कशाचा?"

रविवार. सकाळचे साडेनऊ. बाहेर ऊन असं की कावळासुद्धा बोलत नव्हता. मेन स्विच पाडला, इन्व्हर्टरची वायर काढली. तिघांचे मोबाइल बंद करून पिठाच्या स्टीलच्या डब्यात घातले आणि डबा पार पुढच्या खोलीत ठेवला. भाऊजींना फाटकाशी खुर्ची दिली, भाजीवाला आला तर हाताने थांबवायचं, तोंडाने नाही. लॅपटॉप बॅटरीवर. आणि आम्ही दोघी त्या गोधड्यांच्या खोलीत, पंखा नाही, कूलर नाही, खांद्यावर ओले टॉवेल.

ताई माइककडे बघत बसली. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "सेल तर बरोबर घातले ना वं, या वेळेस?"

माझा हात लॅपटॉपवरच थांबला.

"तुले… माहीत होतं?"

"त्याच रात्री. बाबा जेवत होते, मी रेडिओ उघडला. दोन सेल उलटे. मीच सरळ केले."

"मग सांगितलं काहून नाही ताई? लोक तुले खोटी म्हणत होते."

"सांगितलं असतं तर बाबानं तुले बदडलं असतं. तू एवढीशी होती." तिने टॉवेलने माझंच तोंड पुसलं. "माह्यासाठीच तर तापवले होते ना तू. चाल, रडू नको आता, तुह्या मशीनमधी नाक ओढल्याचा आवाज येईन."

मी हसले, ती हसली, आणि हसू आवरायलाच पाच मिनिटं गेली. मग मी बटण दाबलं आणि बोट ओठावर ठेवलं. अर्धं मिनिट शांतता. आम्ही दोघी समोरासमोर, ताईचे ओठ मिटलेले. हे मी शपथेवर सांगते, कारण मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. खोलीत चिटपाखरू नव्हतं.

मग ती गायली. एक पाळणा, एक निंदणीचं गाणं, आणि शेवटी डोळे मिटून ते संत्र्याचं. पूर्ण. न चुकता. माझ्या अंगावर काटा आला, पण तो साधा काटा होता, बहिणीचा.

संपल्यावर मी नेहमीसारखी मागे गेले, ती सुरुवातीची शांतता निवडायला. स्क्रीनवर शांततेची रेघ सपाट असते, इस्त्री केल्यासारखी. घरातली सगळी वीज बंद, म्हणजे आज तर अगदीच सपाट हवी. पण तिथे टेकड्या होत्या. छोट्या छोट्या… बोलण्यासारख्या.

मी हेडफोन लावला, आवाज वाढवला.

घूं नव्हती. अजिबात नव्हती. त्या जागी लांबून, जणू दोन घरं सोडून, पेटीचा सूर होता. आणि एक पोरगी गात होती. पाटीवरच्या पेन्सिलीसारखा बारीक, टोकदार आवाज —

बागेत माह्या संत्री पिकली,
भारानं फांदी भुईले टेकली…

दुसरी ओळ तिने पुन्हा म्हटली. मग क्षणभर थांबली, पेटी पुढे गेली, आणि तिने तीच ओळ तिसऱ्यांदा म्हणून गाणं उरकलं. पेटी थांबली. आणि मग अगदी स्पष्ट, माइकच्या जवळ तोंड आणून, ती पोरगी म्हणाली —

"झालं का जी?"

एका पुरुषाचं दाबलेलं हसू. आणि रेघ सपाट.

मी म्हटलं, "ताई, तू मघाशी गुणगुणली का?"

"तूच तर गप बस म्हटलं."

मी हेडफोन तिच्या कानाला लावला आणि तिच्याकडे बघत बसले. आधी तिच्या कपाळावर आठी आली. मग ओठ हलायला लागले, आवाज न करता, त्या पोरीच्या बरोबर. ओळ परत आली तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले. आणि शेवटी… सत्तरीची माझी बहीण, तिचे कान लालबुंद झाले. पदर तोंडावर धरून खुदुखुदु हसायला लागली.

"शके, हे मी कोणाले सांगितलं नव्हतं वं. बाईनं पण सांगू नको म्हटलं होतं."

रेडिओ स्टेशनातल्या त्या काचेच्या खोलीत ती पुढचं कडवं विसरली होती. तीच ओळ तीनदा म्हणून मोकळी झाली. आणि माइक अजून चालू आहे हे न कळून तिथल्या साहेबांना विचारून बसली — झालं का जी? सगळं तसंच हवेत गेलं. लाजेने तिने हे बाबांना नाही सांगितलं, मला नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही.

भाऊजींना आत बोलावलं. त्यांनी चष्मा काढला, का कोण जाणे, आणि हेडफोन लावला. एकदा ऐकलं. मला बोटाने खूण केली, पुन्हा. तीनदा ऐकलं. घामाने सदरा भिजला होता, पण उठले नाहीत. मग हेडफोन हळूच खाली ठेवून बायकोकडे बघितलं.

"कमल, एकच ओळ तीनदा काहून म्हटली?"

"विसरली होती जी."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "चांगली गायली."

ताई म्हणाली, "जोरात बोला. मले ऐकू नाही आलं."

"चांगली गायली म्हटलं ना बाप्पा."

यावर आम्ही तिघं जे हसलो… शेजारच्या बाई भिंतीवरून विचारायला लागल्या, लाइट गेली म्हणून एवढं काय हसून राहिले तुम्ही?

दुसऱ्या दिवशी ऑपरेशनला नेताना ताई स्ट्रेचरवर होती, आणि भाऊजींनी त्या हिरव्या पडद्यापाशी, सगळ्या नर्ससमोर, हाताचा माइक केला. "आता सादर करत आहोत कमलबाईंचं गाणं. मी ऐकलेलं आहे." ताई हसत हसत आत गेली. आत काय होईल ते होवो, असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

तुम्ही विचाराल, चौकशी केली का? केली ना. मुलाला सांगितलं, तो म्हणाला, आई, वायर कधीकधी अँटेनासारखी रेडिओ पकडते, त्यात विशेष काही नाही. बरं, मान्य. पण त्या वेळी रेडिओवर शेतीविषयक मुलाखत चालू होती, गजूभाऊंच्या दुकानात रेडिओ दिवसभर चालू असतो, त्यांनीच सांगितलं. आणि साठेक वर्षांपूर्वीचं गाणं कोण लावणार? आमच्या ओळखीतल्या एक बाई रेडिओतून निवृत्त झाल्या आहेत, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, मुलांचे ते कार्यक्रम बहुतेक थेट जायचे. त्याची टेप होत नसे, मग ठेवणार कुठून? गल्लीतल्या एखाद्या मुलीचा आवाज म्हणावा, तर ते गाणं बाईंनी रचलेलं, ताईशिवाय जगात कोणाला येत नाही. ताईनेच गंमत केली म्हणावं, तर मी तिच्यासमोर दोन हातांवर बसले होते. आणि त्या तोंडातून अकरा वर्षांचा आवाज काढून दाखवा म्हणावं कोणीतरी. गजूभाऊंनी तर पुन्हा येऊन सगळा बोर्ड तपासला, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "काकू, वायरिंगमधी फॉल्ट नाही. बाकी मले विचारू नका."

मीही विचारणं सोडलं. त्यानंतर कितीतरी वेळा मेन स्विच पाडून शांतता रेकॉर्ड केली. शांतताच येते. छान, सपाट.

त्या दिवसाची फाइल मात्र आहे. पुसली गेली नाही, बिघडली नाही, पेन ड्राइव्हवर घेतली तरी वाजते. ताईचा आवाज दीड महिना बसलेला होता, नुसती फुसफुस. आता बोलते, पूर्वीपेक्षा जरा जाडसर. गाताना वरचे सूर लागत नाहीत. तिला विचारलं, वाईट वाटतं का ताई? तर म्हणते, "लोकायचा आवाज एका जागी राहते, माह्या दोन जागी आहे. मी काहून रडू?"

आता तुम्ही म्हणाल, ती फाइल इथे टाका. नाही टाकणार. ताईची सक्त ताकीद आहे. तिचं म्हणणं असं — त्या दिवशी ती गायली तेव्हा समोर एक काच होती आणि एक घड्याळ. ऐकणाऱ्याचं तोंड तिला दिसलंच नाही. आता जो कोणी ऐकेल, त्याने तिच्यासमोर बसून ऐकायचं. ती खुर्ची ओढून समोर बसते आणि एकटक बघते. आतापर्यंत अकरा जणांनी ऐकलं. गजूभाऊ "झालं का जी" ला असे हसले की ताई दोन दिवस खूश होती.

तेव्हा या ना एकदा. ताई आता महिन्याचे पंधरा दिवस माझ्याकडेच असते, संत्री आली की बारा डझन घेऊन येते, खायला माणसं पाहिजेत. रिंग रोडवर उतरून कोणालाही विचारा, शिवणवाल्या शकूकाकू कुठे राहतात. पण लवकर या. आणि ऐकताना माझ्याकडे किंवा लॅपटॉपकडे बघू नका, तिच्याकडे बघा. ती वाट बघत असते.